व्हीएचएस, ८ एमएम, मिनीडीव्ही: घरातल्या व्हिडिओ कॅसेट कॉम्प्युटरवर घेताना

पेचकस

लग्न-मुंजीच्या कॅसेटबद्दलचे प्रश्न दर महिन्याला नव्याने येतात आणि उत्तरं दहा धाग्यांत विखुरतात, म्हणून हा एकच धागा. सुरुवातीलाच सांगतो: कॉम्प्युटरमधलं काम बिघडलं तर परत करता येतं, कॅसेटवरचं नाही. त्यामुळे पैसा आणि डोकं आधी कॅसेट वाजवणाऱ्या यंत्रावर घालवा, सॉफ्टवेअरवर नंतर.

पहिल्यांदा हातात काय आहे ते ओळखा.

व्हीएचएस: वहीएवढी काळी कॅसेट, आत अर्धा इंच (१२.७ मिमी) रुंद टेप. आपल्याकडे पाल पद्धत, म्हणजे ६२५ ओळी (चित्राच्या ५७६), सेकंदाला २५ फ्रेम. ई-१८० लिहिलं असेल तर पाल मशीनवर ३ तास.

व्हीएचएस-सी: तीच टेप, छोटं खोकं. ही छोटी कॅसेट बसवायचं अडॅप्टर मिळतं आणि ते साध्या व्हीसीआरमध्ये चालतं.

व्हिडिओ८, हाय८, डिजिटल८: ८ मिमी टेप. यांच्यासाठी व्हीएचएसचं अडॅप्टर जगात नाही. टेपची रुंदीच वेगळी, ती व्हीएचएसच्या ड्रमवर (टेप वाचणारी हेड बसवलेला फिरता गोल) वाचता येत नाही. कुणी दुकानदार 'आणून देतो' म्हणाला तर तो व्हीएचएस-सीचंच देणार आहे.

मिनीडीव्ही: काडेपेटीपेक्षा जरा मोठी, ६.३५ मिमी टेप. ही मुळातच डिजिटल, हिचा रस्ता पूर्ण वेगळा. खाली वेगळं लिहितो.

व्हीएचएसची साखळी अशी: व्हीसीआर, त्यातून पिवळी (चित्र) आणि पांढरी-लाल (आवाज) वायर, मग यूएसबी कॅप्चर स्टिक, मग कॉम्प्युटर. व्हीसीआर एस-व्हीएचएस असेल आणि मागे चार पिनांचं गोल एस-व्हिडिओ सॉकेट असेल तर पिवळी वायर सोडून तेच वापरा. त्यात उजेड आणि रंग वेगळ्या तारांतून जातात, कडांवर रेंगाळणारे रंगीत ठिपके बरेच कमी होतात.

कॅप्चरची सेटिंग: ७२० × ५७६, २५ फ्रेम, पाल-बी, वाययूवाय२ (रंग साठवायची पद्धत), आवाज ४८ किलोहर्ट्झ १६ बिट. इंटरलेस (एका फ्रेममध्ये एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रं) जसंच्या तसं ठेवा. सॉफ्टवेअर व्हर्च्युअलडब२ किंवा अमारेकटीव्ही, कोडेक (फाइल दाबायची पद्धत) हफवायूव्ही नाहीतर लॅगरिथ.

जागा: न दाबता घेतलं तर ७२० × ५७६ × २ बाइट × २५, म्हणजे सेकंदाला जवळपास २०.७ एमबी, तासाला साधारण ७५ जीबी. हफवायूव्ही-लॅगरिथने ते ३०-४० जीबीवर येतं, आणि एकही बिंदू बदलत नाही. डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट करा. फॅट३२ असेल तर ४ जीबीला फाइल थांबते, आणि हे नेमकं मंगलाष्टकांच्या मध्येच कळतं.

---

ओली_भिंत

छान सुरुवात, पण पेचकसराव, कॅसेट मशीनमध्ये घालायच्या आधीची पायरी राहिली. बुरशी!

मुंबई-कोकणातल्या माळ्यावरच्या दर काही कॅसेटमागे एक तरी बुरशीची निघतेच. कॅसेटच्या खिडकीतून टॉर्च तिरकी मारा. रिळाची कड गुळगुळीत, एकसारखी काळी-तपकिरी दिसली पाहिजे. पांढरे ठिपके, पिठासारखा थर किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती कॅसेट बाजूला. चालू मशीनमध्ये घातलीत तर पहिल्या मिनिटात हेड भरतं, आणि तीच बुरशी पुढच्या चांगल्या कॅसेटना लागते. शिवाय बुरशीने टेपचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, रिवाइंड करताना टेप फाटते.

करायचं काय? हवाबंद डब्यात भरपूर सिलिका जेलबरोबर १०-१५ दिवस ठेवा. निळ्या किंवा नारिंगी दाण्यांचं घ्या, रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर कोरडं करून परत वापरता येतं (तो तवा नंतर पोळ्यांना नको). बुरशी वाळली की तिची भुकटी होते आणि टेपवरून सुटते. मग गच्चीत किंवा बाल्कनीत, एन-९५ मास्क लावून, टेप हाताने हळूहळू गुंडाळत मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाच्या घडीतून ओढून घ्यायची. चष्मा पुसायचं कापड चालतं, बनियनचं नको. प्रत्येक मिनिटाला कापडाची घडी बदला. हट्टी डाग असेल तिथेच कापड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओलं करा आणि टेप सुकल्याशिवाय गुंडाळू नका. दम्याचा त्रास असेल त्याने हे काम दुसऱ्याला द्यावं.

आणि बुरशीच्या कॅसेटसाठी एक स्वस्त, भंगारातला व्हीसीपी (रेकॉर्ड न करणारा, फक्त वाजवणारा प्लेअर) वेगळा ठेवा. चांगल्या मशीनजवळ त्या कॅसेट नेऊच नका.

---

गौरी_ठाणे

हाताने गुंडाळायची तर रीळ फिरतच नाही. जोर लावायचा का?

---

पेचकस

गौरीताई, अजिबात नाही. व्हीएचएसच्या दोन्ही रिळांना ब्रेक असतो. कॅसेट उलटी केली की तळाला मधोमध एक छोटं भोक दिसतं, त्यात आतली पट्टी पेन्सिलच्या मागच्या टोकाने दाबून धरली की ब्रेक सुटतो आणि रिळं मोकळी फिरतात. समोरची झडप उघडायला कॅसेटच्या कडेला बारीक कळ आहे, ती नखाने दाबायची.

कॅसेट उघडायची वेळ आली तर: तळाला पाच फिलिप्स स्क्रू. मध्ये चिकटवलेलं लेबल वरच्या-खालच्या दोन्ही भागांवर आलं असेल तर ब्लेडने चीर द्या. कॅसेट उताणी ठेवून स्क्रू काढा, मग सुलटी करून वरचं झाकण सरळ वर उचला. आतले स्प्रिंग, दोन रोलर आणि टेपचा मार्ग यांचा आधी फोनवर फोटो घ्या. टेपला फक्त कडेने धरा, बोटाचा तेलकटपणा टेपवर राहतो. काम झालं की रिळं त्याच दिशेने परत.

टेप तुटली असेल तर चुरगळलेला तुकडा कापून टाका (१ सेंटिमीटर गेला तर अर्ध्या सेकंदापेक्षा कमी चित्र जातं, टेप सेकंदाला २.३४ सेंटिमीटरच पळते). दोन्ही टोकं सरळ काटकोनात जुळवून, एकमेकांवर न चढवता, मागच्या बाजूने स्प्लायसिंग टेप (टेप जोडायचीच खास चिकटपट्टी) लावा. मागची बाजू म्हणजे आतली: झडप उघडल्यावर बाहेर तोंड करून दिसते ती बाजू हेडला घासते, तिला काही चिकटवायचं नाही. साधी सेलोटेप चालत नाही, तिचा गोंद उन्हाळ्यात कडेने बाहेर येतो आणि ड्रमला लागतो.

अशी जोडलेली टेप एकदाच वाजवायची, तीही कॅप्चर चालू करूनच.

---

टीबीसी_काका

वरचं सगळं मान्य. फक्त 'पिवळी वायर, यूएसबी स्टिक, कॉम्प्युटर' एवढ्यावर थांबलात तर निम्म्या लोकांची फाइल अडखळणार, आवाज पुढे-मागे जाणार, आणि दोष सॉफ्टवेअरला मिळणार. खरं कारण टायमिंग.

व्हीएचएसमध्ये ६२ मिमीचा ड्रम मिनिटाला १५०० फेरे मारतो. त्यावर समोरासमोर दोन हेड, प्रत्येक हेड एक फील्ड (फ्रेमच्या अर्ध्या ओळी) वाचतं, एका फेऱ्यात एक फ्रेम. टेपवरचा प्रत्येक माग ४९ मायक्रॉन रुंद. टेप ३० वर्षं रिळावर बसून कुठे ताणली गेली, कुठे सैल झाली की ओळी ठरलेल्या क्षणी येत नाहीत, काही लवकर, काही उशिरा. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही हे सांभाळून घ्यायचा. कॅप्चर चिप सांभाळत नाही, ती फ्रेम टाकून देते किंवा जुनीच परत लावते.

चित्राचा वरचा भाग झेंड्यासारखा एका बाजूला झुकतो, तो याचाच परिणाम. एक हेड सोडून दुसरं टेपवर येतं त्या क्षणानंतर लगेचच्या ओळी त्या.

उपाय म्हणजे टाइम बेस करेक्टर (टीबीसी). दोन प्रकार आहेत, आणि लोक हमखास गल्लत करतात. लाइन टीबीसी प्रत्येक ओळ सरळ करतो, उभ्या रेषा (दाराची चौकट, मांडवाचे खांब) थरथरायच्या थांबतात. हा काही एस-व्हीएचएस व्हीसीआरमध्ये आतच असतो, उदाहरणार्थ पॅनासॉनिक एनव्ही-एफएस२०० किंवा जेव्हीसीच्या एचआर-एस७६०० च्या वर्गातले. फ्रेम टीबीसी अख्खी फ्रेम साठवून नव्या, पक्क्या घड्याळावर बाहेर देतो, त्याने फ्रेम गळणं थांबतं. तो स्वतंत्र डबा, आणि आता फार महाग.

मधला मार्ग: पॅनासॉनिकचे जुने डीव्हीडी रेकॉर्डर डीएमआर-ईएस१० किंवा ईएस१५. त्यात रेकॉर्ड काहीच करायचं नाही. व्हीसीआरची वायर त्यांच्या इनपुटला, त्यांचं आउटपुट कॅप्चर स्टिकला. नुसतं आरपार जाताना ते ओळी सरळ करून देतात, वरचा झेंडा जातो. चोरबाजार, लॅमिंग्टन रोड, जुन्या सामानाच्या जाहिराती, कुठेही दिसला तर उचला. डीव्हीडी ड्राइव्ह मेलेला असला तरी आपल्या कामाला चालतो. इनपुट सिग्नल आउटपुटला दिसतोय एवढं दुकानातच बघून घ्या.

---

सुटी_रिळं

+१ ईएस१०. एकच सावधगिरी: तो अंधाऱ्या दृश्यात थोडं तेल फासल्यासारखं गुळगुळीत करतो. मेनूमध्ये इनपुटचा नॉइज रिडक्शन बंद करता येतो तिथे बंद करा. चांगली, न झुकणारी कॅसेट असेल तर मध्ये काहीच न लावता घ्या.

कॅप्चर स्टिकबद्दल: बाजारात 'ईझीकॅप' नावाने जे मिळतं ते एक उत्पादन नव्हेच, एकाच खोक्यात चार-पाच वेगवेगळ्या चिप येतात. एकाच दुकानातून घेतलेल्या दोन स्टिकमध्येही चिप वेगळी निघू शकते. एकीवर जमलेली सेटिंग दुसरीवर का जमत नाही त्याचं उत्तर हे. थोडे जास्त पैसे घालायची तयारी असेल तर हॉपॉज यूएसबी-लाइव्ह२ किंवा जपानचं आयओ-डेटा जीव्ही-यूएसबी२ बघा, दोन्ही पाल घेतात.

जे घेऊ नका ते म्हणजे पिवळ्या वायरीचं एचडीएमआय करणारा छोटा डबा आणि पुढे एचडीएमआय कॅप्चर. दिसायला '१०८०' येतं, पण तो डबा आधी इंटरलेस ओबडधोबड मोडतो, मग ताणतो, आणि अनेकदा २५ फ्रेमचे ६० करतो. कॅमेरा बाजूला फिरला की चित्र धक्के खातं. टेपवर नसलेली माहिती कुठून येणार? व्हीएचएसवर आडव्या दिशेने जेमतेम २४० ओळींचं तपशील असतं.

---

गौरी_ठाणे

आमच्या व्हीसीपीत कॅसेट घातली की आवाज स्वच्छ, पण पडद्यावर नुसत्या मुंग्या. कॅसेट पुसली गेली का?

---

पेचकस

नाही, ही चांगली बातमी आहे. साधा आवाज ड्रमवर नसतोच, तो टेपच्या कडेला, वेगळ्या स्थिर हेडने वाचला जातो. आवाज आहे म्हणजे टेप पळतेय आणि टेपवर माल आहे. मुंग्या म्हणजे ड्रमवरची व्हिडिओ हेड भरलीत.

साफ करायची पद्धत:

प्लग काढा. झाकण उघडा. पॉवर सप्लायच्या भागाला (जाळी किंवा पुठ्ठ्याआड असतो) हात लावू नका, कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज राहतो. मध्ये तिरका बसवलेला चकचकीत ॲल्युमिनियमचा गोल तो ड्रम. त्याच्या वरच्या, फिरणाऱ्या भागाच्या खालच्या कडेला दोन किंवा चार बारीक खाचा दिसतील, हेड त्यातून केसाच्या रुंदीएवढं बाहेर डोकावतं.

शॅमॉय चामड्याची पट्टी, ती नसेल तर प्रिंटरच्या कोऱ्या कागदाची चौपदरी पट्टी, ९९ टक्के आयसोप्रोपिलने भिजवा. पट्टी ड्रमला एका जागी हलकी टेकवून स्थिर धरा, आणि दुसऱ्या हाताने ड्रमला वरून धरून आडवा फिरवा, १०-१२ फेरे. फिरतो तो ड्रम, पट्टी नाही. वर-खाली कधीच घासू नका, हेडचं टोक फेराइटचं, ठिसूळ असतं, उभ्या घासण्याने ते तुटतं आणि मग इलाज नाही. कापसाचे बड अजिबात नकोत, तंतू हेडमध्ये अडकतो. पट्टीवर तपकिरी-काळी रेघ उमटली म्हणजे काम झालं. १५ मिनिटं सुकू द्या.

सॅनिटायझर, स्पिरिट, नेलपॉलिश काढायचं द्रव, यातलं काही वापरायचं नाही. पहिल्या दोन्हींत पाणी असतं आणि इतर पदार्थही, तिसरं प्लास्टिक खातं.

त्याच वेळी आवाजाचं स्थिर हेड आणि टेप ओढणारी धातूची कॅपस्टन दांडी पुसून घ्या. दांडीला टेकणारा काळा रबरी पिंच रोलर मात्र फक्त ओल्या फडक्याने, अल्कोहोलने जुनं रबर तडकतं. तो रोलर आरशासारखा चमकत असेल तर आवाज डुलणारच.

---

टीबीसी_काका

लक्षणांवरून रोग ओळखायची यादी जोडतो. यात काही मशीनची, काही कॅसेटची, काही कुणाचीच चूक नाही.

आडवा मुंग्यांचा पट्टा, ट्रॅकिंगचं बटण फिरवलं की वर-खाली सरकतो: ट्रॅकिंग, म्हणजे हेड टेपवरच्या मागावर नीट बसत नाही. ऑटोवर भरवसा ठेवू नका, हाताने लावा. एकाच कॅसेटवर दोन मशीनचं रेकॉर्डिंग असेल (लग्नाच्या कॅसेटमध्ये व्हिडिओ मिक्सरवरून (शॉट जोडायचं यंत्र) आलेला भाग आणि मागे चिकटवलेलं मूळ चित्रण) तर प्रत्येक भागाला वेगळं ट्रॅकिंग लागतं, दोन वेळा कॅप्चर करा.

ट्रॅकिंगने न हलणारा पट्टा, वर किंवा खाली कायम: गाइड पोस्टची (टेपला वाट दाखवणारा खांब) उंची बिघडलीय. ज्याने हे केलंय अशा मेकॅनिककडेच द्या.

अगदी तळाच्या ६-८ ओळी फाटलेल्या: हे बिघाड नाही. हेड बदलायची जागा तिथेच असते, टीव्हीच्या चौकटीआड लपायची. कॅप्चर करताना कापू नका, शेवटी काळी पट्टी टाका. कापून ताणलंत तर इंटरलेसची गणितं बिघडतात.

पांढऱ्या बारीक तुटक रेघा क्षणभर: ड्रॉपआउट, टेपवरचा लेप गेलाय.

चित्र कृष्णधवल: कॅप्चरमध्ये पाल-बीऐवजी भलतंच काही निवडलंय. आधी हेच बघा.

आवाजात एकसुरी भुणभुण, मशीन हाय-फाय: हाय-फाय आवाजही फिरत्या ड्रमवरच असतो, ट्रॅकिंग चुकलं की भुणभुणतो. ऑडिओ 'नॉर्मल' किंवा 'लिनियर' करा. खरखर थोडी जास्त, पण सलग.

पांढरी साडी, फुलांच्या माळा, हॅलोजनखालचे चेहरे भाजल्यासारखे पांढरे: मिक्सरवरून तयार झालेल्या कॅसेटमध्ये उजेड हमखास वर गेलेला असतो. कॅप्चर ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट आधीच खाली आणा, हिस्टोग्राममध्ये (उजेडाचा आलेख) सगळं १६ ते २३५ मध्ये बसलं पाहिजे. नंतर एडिटिंगमध्ये ते परत येत नाही.

---

बे_एरियावाला

इकडे अमेरिकेत आलेल्या घरांमध्ये दोन्ही जातीच्या कॅसेट असतात, म्हणून भर. १९८०-९० च्या दशकात इथून भारतात पाठवलेली कॅसेट एनटीएससी, म्हणजे इथल्या पद्धतीची: ५२५ ओळी, सेकंदाला २९.९७ फ्रेम, टेपचा वेगही ३.३४ सेंटिमीटर. फक्त पाल ओळखणाऱ्या व्हीसीपीत ती घातली तर चित्र लोळतं आणि आवाज जड, संथ येतो. कॅसेट खराब नाही, मशीन चुकीचं आहे. खोक्यावर टी-१२० असेल तर शंका घ्या.

'मल्टिसिस्टम' किंवा 'एनटीएससी प्लेबॅक ऑन पाल टीव्ही' लिहिलेला व्हीसीआर चालेल असं वाटतं, पण त्यातले बरेच खरा एनटीएससी सिग्नल देत नाहीत, पाल-६० नावाचं मिश्रण देतात. टीव्हीवर उत्तम दिसतं, कॅप्चर स्टिक मात्र ते रंगाशिवाय दाखवते किंवा घेतच नाही. मशीनवर 'एनटीएससी ३.५८' असा पर्याय असेल तर तो निवडा, आणि कॅप्चर एनटीएससी-एम, ७२० × ४८०.

उलट दिशेलाही तेच. आईबाबांनी भारतातून आणलेल्या पाल कॅसेट इथल्या साध्या व्हीसीआरवर लागत नाहीत. सगळ्यात सोपं म्हणजे त्या भारतातच करून घ्यायच्या आणि हार्ड डिस्क आणायची. व्हीसीआर नवा मिळण्याचा प्रश्नच नाही, शेवटची उत्पादक जपानची फुनाई, तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं.

---

सुटी_रिळं

मिनीडीव्हीचं मी लिहितो, पेचकसराव विसरलेत.

यात कॅप्चर नसतं, नुसती नक्कल असते. टेपवर २५ मेगाबिटचा डीव्ही प्रवाह आहे, तो फायरवायर नावाच्या वायरीने (सोनी त्याला आय-लिंक म्हणते) जसाच्या तसा कॉम्प्युटरवर येतो, तासाला सुमारे १३ जीबी. पिवळी वायर लावून ईझीकॅपने घेऊ नका, डिजिटलचं ॲनालॉग करून परत डिजिटल कशाला? कॅमेऱ्यावर यूएसबी असेल तर बहुतेकांत ती फक्त मेमरी कार्डवरच्या फोटोंसाठी असते.

डेस्कटॉपमध्ये पीसीआय-एक्सप्रेस फायरवायर कार्ड, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपचं. विंडोज १० वर 'लेगसी' १३९४ (फायरवायरचंच दुसरं नाव) ड्रायव्हर घालावा लागतो. सॉफ्टवेअर विनडीव्ही, लिनक्सवर डीव्हीग्रॅब. मॅकवर अडॅप्टरांची माळ जोडून जमायचं, पण मॅकओएस २६ (टाहो) मध्ये फायरवायर काढून टाकलंय, तेव्हा जुना मॅक असेल तर अपडेट करू नका.

वायर जोडताना कॅमेरा आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद. ६ पिनांच्या बाजूला वीज असते, चालू असताना तिरकं घातलं तर कॅमेऱ्याचं पोर्ट जळतं, आणि ते दुरुस्त करणारा आता सापडत नाही.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते: डीव्ही फाइलमध्ये प्रत्येक फ्रेमबरोबर चित्रणाची तारीख-वेळ लपलेली असते. विनडीव्ही तिच्यावरून प्रत्येक शॉट वेगळा कापू शकतं आणि फाइलच्या नावात तारीख घालतं. एमपी४ केलं की ती माहिती जाते. म्हणून मूळ डीव्ही फाइल ठेवायचीच.

एलपीवर (लाँग प्ले) घेतलेली मिनीडीव्ही (६० ची ९० मिनिटं) दुसऱ्या कॅमेऱ्यात चौकोन-चौकोन दिसते. आधी मूळ कॅमेराच शोधा.

हाय८-व्हिडिओ८ साठी पाल डिजिटल८ कॅमेरा मिळाला तर सोनं: बऱ्याच मॉडेलांत (सगळ्या नाही, मॅन्युअल बघा) जुन्या ॲनालॉग टेप चालतात आणि फायरवायरने डीव्ही बाहेर येतं.

---

ओली_भिंत

आवाज आणि ओठ जुळत नाहीत, तासाभरानंतर २-३ सेकंदांचा फरक पडतो. यावर कुणी लिहिलं नाही.

---

टीबीसी_काका

आधी व्हर्च्युअलडबच्या उजव्या पट्टीत बघा. 'ड्रॉप्ड' आणि 'इन्सर्टेड' फ्रेमचे आकडे चढत असतील तर मी वर लिहिलंय ते टायमिंगचं दुखणं. आकडे शून्य आणि तरी फरक पडतोय, तर आवाज कॉम्प्युटरच्या साउंड कार्डमधून घेताय. चित्राचं घड्याळ वेगळं, आवाजाचं वेगळं. दोन्ही एकाच स्टिकमधून घ्या.

स्टिक मागच्या यूएसबी पोर्टला थेट, हबवर नाही. कॅप्चर ज्या डिस्कवर होतं ती विंडोजची डिस्क नको. स्लीप, अँटिव्हायरसचं स्कॅन, अपडेट बंद. आणि आवाज अजिबातच येत नसेल तर विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये मायक्रोफोनची परवानगी चालू करा, विंडोज स्टिकच्या आवाजाला मायक्रोफोन समजतं.

---

गौरी_ठाणे

कॅप्चर झालं समजा. घरच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर ४० जीबी कसं पाठवणार? आणि हलणाऱ्या माणसांच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात.

---

सुटी_रिळं

दाते म्हणजे इंटरलेस. एका फ्रेममध्ये एक पन्नासांश सेकंदाच्या अंतराने घेतलेली दोन फील्ड असतात, कॉम्प्युटर ती एकत्र दाखवतो. मूळ फाइलला हात लावायचा नाही, बघायची प्रत वेगळी काढायची.

हायब्रिड नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, त्यात क्यूटीजीएमसी (दाते काढायची पद्धत) निवडा, आणि २५ ऐवजी ५० फ्रेम होऊ द्या. नाच, वरातीतला लेझीम, पळणारी पोरं, यात फरक लगेच दिसतो. वेळ लागतो, तीन तासांच्या कॅसेटला साध्या लॅपटॉपवर रात्र जाईल. घाई असेल तर हँडब्रेक सॉफ्टवेअरमध्ये बीडब्ल्यूडीआयएफ (तशीच, पण जलद पद्धत), 'बॉब' चालू करून.

फील्डचा क्रम: ॲनालॉग कॅप्चरमध्ये बहुधा वरचं फील्ड आधी, डीव्हीमध्ये खालचं आधी. उलटं निवडलं तर माणूस दोन पावलं पुढे, एक मागे असा थरथरत चालतो. पाच सेकंद बघून कळतं.

चित्राचं प्रमाण ४:३ ठेवा, म्हणजे ७६८ × ५७६. १६:९ ला ताणून नवरा-नवरी आडवे करू नका. एच.२६४, सीआरएफ (दर्जाचा आकडा) १८, आवाज एएसी १९२. तासाला २ ते ४ जीबी. व्हॉट्सअ‍ॅपसाठी त्यातून सप्तपदीचे दोन मिनिटं कापून पाठवा, बाकी पेनड्राइव्ह.

---

गौरी_ठाणे

हे सगळं वाचून दुकानात द्यावंसं वाटतंय. काय विचारायचं?

---

पेचकस

द्या, त्यात कमीपणा नाही. दोन-चारच कॅसेट असतील तर तेच शहाणपणाचं. विचारायचं ते हे:

फाइल कुठली देणार? 'डीव्हीडी' किंवा 'फुल एचडी एमपी४' म्हणाले तर ७२० × ५७६ इंटरलेस, हफवायूव्ही किंवा निदान डीव्हीमध्ये मूळ फाइल मागा, हार्ड डिस्क आपली द्या. मध्ये टीबीसी किंवा तसं काही लावता का? बुरशीच्या कॅसेटचं मशीन वेगळं आहे का? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा गोंधळला तर चांगल्या कॅसेटही तिथे देऊ नका.

आधी एकच, कमी महत्त्वाची कॅसेट द्या. आलेल्या फाइलचा शेवटचा दहा मिनिटांचा भाग बघा, आवाज-ओठ जुळतात का ते तिथेच कळतं.

देण्याआधी प्रत्येक कॅसेटच्या कण्याकडची रेकॉर्डिंगची टिकली तोडलेली आहे ना बघा. तिथे सेलोटेप लावून भोक बुजवलं असेल तर ती काढा, नाहीतर चुकून बटण दाबलं गेलं की वरून रेकॉर्ड होईल.

---

ओली_भिंत

फाइल झाल्यावर कॅसेट टाकून द्यायच्या का? माळा मोकळा होईल.

---

टीबीसी_काका

इतक्यात नको. काही जण ड्रमवरचा कच्चा रेडिओ सिग्नलच थेट घेऊन व्हीएचएस-डीकोड नावाच्या सॉफ्टवेअरने चित्र तयार करतात, टीबीसीचं कामही तेच करतं. व्हीसीआर उघडून आत वायर जोडावी लागते म्हणून सगळ्यांना सुचवत नाही, पण तुमच्याच कॅसेटमधून आजच्यापेक्षा बरं चित्र निघू शकतं.

पूर्ण रिवाइंड करा, डब्यात घालून पुस्तकासारखी उभी ठेवा. आडवी ठेवली की रिळाची कड दबते. सिलिकाची पुडी, लोखंडी कपाट चालेल, स्पीकर जवळ नको. पावसाळ्यात कॅप्चर करणार असाल तर कॅसेट आणि व्हीसीआर आदल्या दिवसापासून एकाच खोलीत राहू द्या. एसीच्या खोलीतून दमट खोलीत आणून लगेच घातली तर ड्रमवर दव धरतं आणि टेप त्याला चिकटते.

फाइलच्या दोन प्रती, दोन वेगळ्या कंपन्यांच्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत. डिस्क वर्षातून एकदा लावून एखादी फाइल शेवटपर्यंत चालवून बघा.

---

गौरी_ठाणे

टॉर्च मारून पाहिलं. नऊपैकी दोनवर पांढरं आहे. त्या डब्यात टाकल्या, सिलिका उद्या आणते. ईएस१० चा रिमोट नसेल तर इनपुट कसा बदलायचा?

---

सुटी_रिळं

पुढच्या पॅनेलवरच्या चॅनेल वर-खाली बटणाने. चॅनेल संपले की एव्ही१, एव्ही२ येतात. पण नॉइज रिडक्शनचा मेनू रिमोटशिवाय उघडत नाही, पॅनासॉनिकच्या डीव्हीडी रेकॉर्डरचा कुठलाही जुना रिमोट आधी लावून बघा, बहुतेक वेळा चालतो.